फिरती बाटली

प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली एकवीस वर्षं माझ्या कमरेला आहे. शिक्षक येतात नि जातात, कपाट मी सांभाळते. आम्लाच्या वाफांनी बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या गळून पडतात, म्हणून मी रंगाप्रमाणे मांडते. गुलाबी वरच्या फळीवर, निळ्या खाली.

यंदा रसायनशास्त्राचे नवे सर आले आणि एक बाटली फिरायला लागली. सकाळी कपाट उघडावं तर निळ्यांच्या रांगेत एक गुलाबी बाटली ऐटीत बसलेली. मी तिला वर ठेवायची, दुसऱ्या दिवशी ती पुन्हा खाली. मी तणतणत सरांकडे गेले. ते उलट मलाच म्हणाले, की रोज दुपारी गुलाबींमध्ये निळी घुसवता तुम्ही आणि खाली ठेवायचं काम मला. इतकं धडधडीत खोटं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

भांडण मुख्याध्यापिकाबाईंपर्यंत गेलं. शुक्रवारी दुपारी येऊन बघते, बाटली चुकीच्या रांगेत दिसली तर किल्ली सरांकडे, असं त्यांनी सांगून टाकलं. किल्ली गेली की मी उरणार नुसती काचा धुणारी.

शुक्रवारी सकाळी बाटली वर ठेवून मी कपाटासमोर स्टूल टाकलं. जेवायलाही उठले नाही. सरही समोर ठाण मांडून बसले. तीनच्या सुमाराला खिडकीतून ऊन थेट वरच्या फळीवर आलं, आणि आमच्या डोळ्यांदेखत बाटली जांभळी झाली, मग निळीशार. कुणी बोटही लावलं नव्हतं. तेवढ्यात जिन्यात बाईंच्या चपला वाजल्या.

मी बाटली उचलली तर चांगलीच तापलेली. तशीच बादलीतल्या गार पाण्यात बुडवली. बाई आत आल्या तेव्हा ती पुन्हा गुलाबी होत होती.

सरांनी कपाळाला हात लावला. "कोबाल्ट क्लोराइड. गार असताना कोबाल्टला पाणी चिकटून असतं, म्हणून गुलाबी. तापलं की पाणी सुटतं, क्लोराइड येऊन चिकटतं, मग निळं. दरवर्षी शिकवतो मी हे."

"मग महिनाभर काय करत होतात?" बाईंनी विचारलं.

सरांनी बाटली पुसून गुलाबींच्या रांगेत नेऊन ठेवली. मला हसू आवरेना, आणि त्यांची दयाही आली. किल्ली काही माझ्या कमरेवरून हलली नाही.

सोमवारी सरांनी तो धडा घेतला आणि मला वर्गात बोलावलं. एकवीस वर्षांत पहिल्यांदाच मी फळ्यासमोर उभी राहिले. बाटली पुढे धरून मुलांना म्हटलं, "आधी हात लावून बघा, मग रंग बघा." पहिला हात सरांनी लावला.