अनिलची शिट्टी

तू नुसतं आयक, मधात बोलू नको. आपला मधुकर आहे ना, सौंसर-पांढुर्णा मोटारीवरचा कंडक्टर, युनियनचा सेक्रेटरी, त्याचंच सांगून राहिलो.

त्यांच्या मोटार सर्व्हिसमधी पाळी बदलायची एक रीत होती. समजा, त्याच्या सोबतचा कंडक्टर अनिल, त्याले शनिवार नको असला तं तो आपली शिट्टी दुसऱ्याच्या हातावर ठेवे. शिट्टी घेतली म्हणजे पाळी घेतली, संपलं. पण घेणाराच कामावर आला नाही, तं मालक यशवंतराव दंड लावत देणाऱ्याले, कारण बोर्डावर नाव त्याचं. दंड म्हणजे महिनाभर रविवारची सुट्टी बंद.

मधुकर यावर पेटला होता. "शब्द मोडणारा पान खात फिरते अन् सुट्टी जाते दुसऱ्याची?" सारे कंडक्टर त्याच्या मागं. अन् रविवारची किंमत त्या वक्ताले त्याच्याइतकी कोणालेच नव्हती. त्याच रविवारी त्याले रामाकोना गावी पोरगी पाहाले जायचं होतं, मालती नाव. आधी दोन जागी नकार आलेला, मायनं शर्ट इस्त्री करून खुंटीले टांगून ठेवला होता.

तं आदल्या दिवशी, शनिवारी, बोलणी. मालकानं गादीवर बसवलं, चहा पाजला, वरतून खारे बिस्किट. मधुकर असा बोलला, असा बोलला, का यशवंतराव म्हणे, "बरं बाबा, जो पाळी घेईन तोच भोगीन. लिहा मुनीमजी."

तेवढ्यात डायव्हर गुलाबभाऊ दारात. "मालक, जामसांवलीची गाडी उभी आहे. मारुतीच्या दर्शनाले जाणारे टपावर चढले, कंडक्टरचा पत्ता नाही."

"पाळी कोणाची?"

"बोर्डावर तं अनिल आहे."

"लावा मंग अनिलले दंड."

मधुकर उसळला. "असं कसं मालक? आताच ठरलं ना? अनिल मोहगावले बायकोले आणाले गेला. कोणाले तरी शिट्टी देऊनच गेला असन. त्याले धरा. आणा कागद, पहिले सही करतो."

अन् पेन काढाले खिशात हात घातला, तं हातात आली शिट्टी. लाल गोफाची. अनिलची. सकाळी बोलणीच्या घाईत त्यानंच घेतली होती, अन् साफ विसरला होता.

गुलाबभाऊ छताकडे पाहाले लागला. यशवंतराव तं एकदम मायाळू झाले. "चहा घे अजून. सही कुठं झाली आहे? नको असन तं जुनंच राहू देऊ. रविवार अनिलचा जाईन, तुझा नाही."

मधुकरनं शिट्टी गळ्यात घातली. मंग मालकाचंच पेन मागून सही केली अन् गाडीकडे पळाला.

रविवारी इस्त्रीच्या शर्टावर खाकी चढवून दंडाची ड्युटी कराले गेला, नेमका रामाकोन्याकडच्या गाडीवर. गाडी रामाकोन्याले थांबली तं मालतीचे बाबा नत्थूजी पाहुण्याची वाट पाहत स्टॉपवरच उभे, मागं मालती. घरी पोहे भिजवलेले. मधुकरनं दारात लटकूनच सगळं सांगितलं.

"म्हणजे हा नियम तुम्हीच भांडून आणला?"

"हो जी."

"अन् पहिले तुम्हालेच लागला?"

"हो."

"मालक सोडून राहिला होता, तरी?"

मधुकरनं मान हलवली. मालतीनं पदर तोंडावर धरला. हसून राहिली का काय करून राहिली, त्याले काही समजलं नाही. गुलाबभाऊनं हॉर्न मारला.

नत्थूजी म्हणे, "सेक्रेटरी असून सोताचा एक रविवार सोडवता आला नाही तुम्हाले. उद्या माह्या पोरीले सणाले माहेरी कसे आणसान?"

शिट्टी मधुकरच्या तोंडात, सारी गाडी त्याच्याकडे पाहून राहिली. सांग बरं, तू असता तं काय बोलला असता?