धुऊन आणलेले पाय

पाळकसाहेबांच्या मुलीला सगळी मंडळी ‘टकळी’ म्हणत, कारण तिच्या तोंडाची टकळी कधी थांबत नसे. त्या गुरुवारीही चर्चच्या मागच्या खोलीत पितळी परात घासता घासता तिची बडबड चालूच होती.

उद्या शुभ शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे. येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून आज संध्याकाळी तिचे बाबा मंडळीतल्या बारा जणांचे पाय धुणार होते. बारा जण कोण? दरवर्षीचेच, पहिल्या दोन बाकांवरचे! यंदा त्यातले एक आजोबा अंथरुणाला खिळले, म्हणून पुढे मांडायच्या बारा खुर्च्यांतली एक रिकामी झाली होती. आणि ती गटारकाकांनी मागितली होती.

गटारकाका गावाची गटारं उपसत. चर्चमध्ये ते दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसत. त्यांचे वडीलही तिथेच बसत. पोरं त्याला ‘वासाचा बाक’ म्हणत आणि मोठी माणसं हसू दाबत. मागच्या आठवड्यात काका दारात येऊन म्हणाले होते, “पाळकसाहेब, एकदा त्या खुर्चीत बसू का? आमच्या घरातलं कुणी कधी बसलं नाही.” आणि बाबा पटकन म्हणाले होते, “बसा की!” टकळीला बाबांचा केवढा अभिमान वाटला होता!

“बाबा, काकांची खुर्ची कुठली?” तिने विचारलं.

बाबा गुडघ्यांखाली घ्यायची मखमली उशी झटकत होते. ती झटकतच राहिले. “ती रिकामी ठेवायचं ठरलंय. प्रभूसाठी.”

“प्रभू पाय धुऊन घ्यायला येणारेत?”

“टकळे, तोंड आवर.”

उत्तर दिलं ते फुलं लावायला आलेल्या मोठ्या बाईंनी. त्या मंडळीच्या प्रमुखांच्या, म्हणजे मोठ्या साहेबांच्या, पत्नी. “अगं, तुझ्या बाबांनी त्या पायांना हात लावायचा आणि त्याच हातांनी आम्हाला प्रभूची भाकर द्यायची? देव सगळीकडे असतो गं, पण जंतूही असतात ना!” आणि स्वतःच्याच विनोदावर त्या खळखळून हसल्या.

“काकांना सांगितलंत का?”

कुणीच सांगितलं नव्हतं.

दुपारी चर्चच्या संडासाचं गटार तुंबलं. घाण पाणी पायरीपर्यंत आलं. मोठे साहेब नाकाला रुमाल लावून ओरडले, “त्याला बोलवा, पटकन!”

काका आले ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, संध्याकाळसाठी तयार होऊनच. त्यांनी शर्ट काढून खिळ्याला अडकवला आणि पँट गुडघ्यांवर दुमडली.

“काका, आज नका ना उतरू!” टकळी कळवळली.

“अगं, आपल्याच घरचं आहे. पाहुणे येतील, वास कसा चालेल?”

खुर्चीचं तिला सांगायचं होतं. पण आयुष्यात पहिल्यांदा तिची जीभ टाळ्याला चिकटली.

गटार मोकळं झालं तेव्हा घंटा वाजतच होती. काकांनी नळावर घाईघाईने पाय खळबळले, पण टाचांच्या भेगांत काळा चिखल राहिलाच. दारात मोठ्या साहेबांनी त्यांना अडवलं. “हे पाय घेऊन आत कुठे?”

“खुर्ची... पाळकसाहेब म्हणाले होते.”

“ती प्रभूची आहे. तुझा बाक आहे ना?”

काका ओशाळं हसले आणि आपल्या बाकावर जाऊन बसले. मोठे साहेब पुढे जाऊन पहिल्या खुर्चीत विराजमान झाले.

आणि सुरू झाला नम्रतेचा सोहळा! परातीत कोमट पाणी, पाण्यात अत्तर. बाबा मखमलीवर गुडघे टेकून, टकळी टॉवेल धरून शेजारी. एकेक पाय पुढे येत होता: घरून घासून आणलेला, नखं कापलेला, पावडर लावलेला. ती पावडर पाण्यात भिजून तिची पांढरी खळ होत होती. धुण्यासारखं काही नव्हतंच, तरी चेहरे असे की जणू स्वर्गाची किल्ली मिळाली.

शेवटच्या माणसाचे पाय पुसून झाले, तेवढ्यात फोटोग्राफर म्हणाला, “पाळकसाहेब, मोठ्या साहेबांचा फोटो हलला. परत एकदा घ्या. आणि जरा वर बघा.”

बाबा सरकत मागे आले. तोच पाय पुन्हा पाण्यात घातला. आणि वर बघून हसले.

शी! तिला बाबांची, त्या अत्तराची, हातातल्या टॉवेलचीसुद्धा शिसारी आली. तिने परात उचलली. मोठ्या साहेबांचा ओला पाय तसाच अधांतरी राहिला. पाणी हिंदकळत ती मधल्या वाटेने थेट शेवटच्या बाकापाशी गेली आणि उघड्या फरशीवर बसली.

काकांनी पाय मागे घेतले. “नको गं बाई, घाण आहेत.”

“आपल्याच घरची आहे ना काका!” तिचा आवाज फुटला. “चर्चचीच घाण आहे ती.”

तिने टाचा चोळल्या, भेगा बोटांनी साफ केल्या, टॉवेलने पाय पुसले. काकांचे अश्रू तिच्या मनगटावर पडत होते. बावीस पाय धुऊनही जे पाणी पावडरीने पांढरंच राहिलं होतं, ते दोन पायांत काळंकुट्ट झालं. पहिल्यांदाच त्या पाण्याला काही काम मिळालं होतं. तिने परात नेली आणि रिकाम्या खुर्चीसमोर ठेवली.

“प्रभूला दाखवा,” ती म्हणाली. “हे पाय धुतलेलं पाणी. आधीचं नुसतं सांडलेलं होतं.”

“उचल ते आधी!” मोठ्या बाई पदर नाकाला लावून किंचाळल्या. बाबा दात आवळून म्हणाले, “घरी चल, मग बघतो तुला.”

घरी दोन दिवस कुणी तिच्याशी बोललं नाही. सूचनाफलकावर मोठ्या साहेबांच्या पायाचा फोटो लागला, न हललेला. खाली लिहिलं होतं, ‘सेवा’.

रविवारी टकळी चर्चमध्ये आली. आईने पहिल्या बाकावर सरकून जागा केली. ती थांबली नाही. मागे गेली आणि काकांच्या शेजारी बसली. आता दर रविवारी ती तिथेच बसते, आणि सगळ्यात मोठ्या आवाजात गाते.

तो बाक लांबलचक आहे. त्यावर अजून कितीतरी जागा रिकामी आहे.