आधी भिंत, मग माणूस

मित्रांनो, मी एक जुनं मेमरी कार्ड आहे. कॅमेऱ्यात बसणारं, टपालाच्या तिकिटाएवढं. माझ्या अंगावर सोनेरी आकड्यांत ‘६४ जीबी’ असं छापलेलं आहे आणि ते साफ खोटं आहे. माझी खरी जागा फक्त चार जीबी. पुढचं सगळं ऐकताना एवढं लक्षात असू द्या.

एका लांबलचक खोलीत, ट्यूबलाइटच्या उजेडात माझा जन्म झाला. पहिल्या टेबलावर माझी परीक्षा झाली आणि मला लहान कार्डांच्या ढिगात टाकलं गेलं. तिथेच राहिलो असतो तर बरं झालं असतं. पण दुसऱ्या टेबलावरच्या माणसाने मला एका यंत्रात बसवलं आणि पढवलं. कॅमेऱ्याने जागा विचारली की चौसष्ट सांगायचं. जागा संपल्यावरही फोटो आला तर ‘मिळाला’ म्हणायचं, त्याचं नाव लिहून ठेवायचं आणि फोटो सोडून द्यायचा. मग माझ्यावर तो आकडा छापला, चकचकीत वेष्टन चढवलं. खरं सांगतो, तेव्हा मी भलताच खूश झालो होतो.

मला विकत घेतलं ते फोटोकाकांनी. गल्लीत सगळे त्यांना याच नावाने हाक मारत. एका खोलीचा स्टुडिओ, एक स्टूल, मागे पांढरी भिंत आणि भिंतीवर वर्षानुवर्षं टेकलेल्या डोक्यांचे तेलकट डाग. काका कार्ड घ्यायचे ते एकाच दुकानातून. त्या दिवशी नेमकं त्या दुकानाला कुलूप होतं आणि त्यांचं नेहमीचं निळं कार्ड भरत आलं होतं. म्हणून कोपऱ्यावरच्या हातगाडीवरून त्यांनी मला उचललं.

तरी काका गाफील नव्हते. त्यांचा एक नियम होता, आणि तो ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे: ‘आधी भिंत, मग माणूस.’ नवं कार्ड आलं की आधी त्यात भिंतीचे फोटो काढत सुटायचं, ते काठोकाठ भरेपर्यंत. मग सगळे उघडून बघायचे, पुसायचे, आणि त्यानंतरच त्या कार्डासमोर माणूस बसवायचा. त्यांची मुलगी हसायची. “बाबा, या भिंतीचा एक अल्बमच करा ना.”

काकांनी माझ्यात भिंत भरायला घेतली. चाळीस फोटो झाले. मी घामाघूम झालो होतो, कारण अजून दोन-अडीचशे फोटोंनी माझं पितळ उघडं पडणार होतं. आणि तेवढ्यात काकांचा फोन वाजला.

फोन वहिनींचा होता. त्यांनी तो लावला आणि आपल्या नवऱ्याच्या, म्हणजे काकांच्या थोरल्या भावाच्या हातात दिला. दादा सुतार होते. दोघा भावांत नऊ वर्षं अबोला होता. त्यांची आई गेली त्या दिवशी काका परगावी कुणाच्या तरी समारंभाचे फोटो काढत होते, आणि पोचायला त्यांना उशीर झाला. दारातच दादा म्हणाले होते, “लोकांचे फोटो काढत बसलास.” त्या एका वाक्यावर नऊ वर्षं गेली.

“कारखाना बंद करतोय,” फोनवर दादा म्हणाले. “हात थरथरतो आता. हत्यारं विकायची तर फोटो लागतात म्हणे. दुसऱ्या कुणाला बोलावू का?”

“दुसऱ्याला कशाला?” काका म्हणाले.

“मग आत्ताच ये. इथे उजेड चार वाजेपर्यंतच असतो.”

दादांचं मन बदलेल की काय, या धास्तीने काकांनी भिंत तिथेच सोडली. ते चाळीस फोटो भराभर चाळले. सगळे स्वच्छ होते. असणारच, माझ्या चार जीबींच्या आत मी अगदी इमानदार आहे. त्यांनी ते पुसले आणि मला कॅमेऱ्यात घालून ते निघाले. निळं कार्ड त्यांच्या शर्टाच्या खिशात होतं. त्यात अजून अकरा फोटोंची जागा शिल्लक होती.

सुताराचा तो कारखाना म्हणजे पत्र्याखालची एक लांबट खोली. लाकडाचा वास, कोपऱ्यात भुशाचा ढीग, मधोमध जुनं जाडजूड टेबल. वहिनींनी त्यावर पांढरी चादर अंथरली. दादा एकेक हत्यार पुसून ठेवायचे, काका चारही बाजूंनी त्याचा फोटो घ्यायचे. रंधे, करवती, पटाशा, हातोड्या. सुरुवातीला दोघं कामापुरतंच बोलत होते. दादांना हत्यार ठेवून बाजूला होणं जमत नव्हतं. जरा सरळ कर, जरा वळव, असं करत त्यांचा हात पुन्हा पुन्हा चादरीवर यायचा.

“दादा, हात काढ. फोटोत येतोय.”

हे वाक्य मी त्या दुपारी शंभर वेळा तरी ऐकलं असेल. दादा मुकाट्याने हात मागे घ्यायचे. लाकडाला भोकं पाडायचं एक गिरमिट तेवढं सारखं घरंगळत होतं, म्हणून त्यांनी ते अंगठ्याने दाबून धरलं. काका म्हणाले, “राहू दे, नंतर कापून टाकू.”

त्यानंतर थोड्याच वेळात माझी जागा संपली. मी कुणाला काही सांगितलं नाही. पढवल्याप्रमाणे ‘मिळाला, मिळाला’ म्हणत राहिलो आणि फोटो सोडत राहिलो.

चार वाजत आले तेव्हा वहिनी म्हणाल्या, “आता तुम्ही दोघं उभे राहा बघू. इतकी वर्षं लोकांचे फोटो काढले, तुमच्या दोघांचा एक नाही घरात.” काकांनी कॅमेरा त्यांच्या हातात दिला, बटण दाखवलं. दोघं टेबलाला टेकून उभे राहिले, शाळेतल्या पोरांसारखे अवघडून. मग दादांनी आपला हात धाकट्याच्या खांद्यावर ठेवला. या वेळी काका हात काढ म्हणाले नाहीत. त्यांचे डोळे भरून आले होते.

वहिनींनी बटण दाबलं. कॅमेऱ्याने तो फोटो क्षणभर पडद्यावर दाखवला. तो त्याच्या स्वतःजवळचा होता, माझ्याजवळ त्यातलं काहीच नव्हतं. तिघं डोकी एकत्र करून बघत होते. दादा म्हणाले, “फोटो तू दे, चौकट मी करतो. सागाचा एक तुकडा राखून ठेवलाय.”

काकांनी सगळे फोटो संगणकावर उतरवले. नावं मोजली, तीनशे एक्केचाळीस. बरोबर होती. मुलीने सुरुवातीचे चांगले चांगले हत्यारांचे फोटो निवडून पाठवून दिले. शेवटचा फोटो काकांनी उघडलासुद्धा नाही. तो निवांत बसून, मन लावून मोठा करायचा होता. काम मागे लागलं आणि निवांत वेळ काही मिळेना. बाराव्या दिवशी दादा स्वतः चौकट घेऊन स्टुडिओत आले. थरथरत्या हातांनी केलेली, पण चारही सांधे घट्ट. “होईल तेव्हा दे. घाई नाही,” असं म्हणून चहा पिऊन गेले.

पाच दिवसांनी दादा झोपेतच गेले.

वहिनींनी फोटो मागवला. काकांनी पहिल्यांदाच ती फाइल उघडली. पडदा करडा. मग मला पिशवीतून शोधून काढलं, पुन्हा पुन्हा घालून पाहिलं. मुलीने जंग जंग पछाडलं. शेवटी ती हळूच म्हणाली, “बाबा, फाइलचं नाव आहे. आत काही नाही.”

वहिनींना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, “मी बटण नीट दाबलं नसेल का हो?”

“तुम्ही नीटच दाबलंत, वहिनी,” काका म्हणाले. “मीच भिंत अर्धवट सोडली.”

मला त्या वेळी ओरडून सांगावंसं वाटलं की दोघांचंही काही चुकलेलं नाही, पण मला ‘मिळाला’ एवढंच बोलता येतं.

मग काका माझ्यातला एकेक खरा फोटो बघत बसले. हत्यारं सगळी लख्ख होती, पात्यावरचा गंजसुद्धा दिसत होता. दादा कुठेच नव्हते. दुपारभर काकांनीच त्यांना फोटोबाहेर काढलं होतं. गिरमिटाच्या फोटोत तेवढा एक अंगठा राहून गेला होता, चिरलेल्या नखाचा. काकांनी तो फोटो कापला नाही. तोच मोठा करून सागाच्या चौकटीत बसवला.

मित्रांनो, माझ्यासारखी कार्डं अजूनही बाजारात फिरत आहेत. वेष्टन बघून भुलू नका, ओळखीच्या दुकानातूनच घ्या. घरी आणल्यावर ते पूर्ण भरून, सगळं उघडून बघा. कुणाचाही फोन आला तरी ते काम अर्धं सोडू नका. आणि ज्या माणसाचा फोटो काढला असेल, त्याला तो त्याच आठवड्यात नेऊन द्या.

काकांनी मला फेकलं नाही. गल्ल्याच्या खणात मी एका काडेपेटीत असतो. कुणी विचारलं, “काका, कुठलं कार्ड घेऊ?” की ते मला काउंटरवर काढून ठेवतात आणि भिंतीचा नियम समजावून सांगतात. परवा एक तरुण आई आली होती, कडेवर बाळ घेऊन. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. मग तिची नजर चौकटीकडे गेली.

“हा कुणाचा अंगठा?”

“माझ्या दादाचा.”

“पूर्ण फोटो नाही का त्यांचा?”

“होता,” काका म्हणाले, आणि त्यांनी मला उचलून पुन्हा काडेपेटीत ठेवलं.