परत न ठेवलेले क्रमांक

मी एक पेटी बोलतेय. गंगापूरकडच्या नव्या वसाहतीत पाण्याची टाकी आहे, तिच्या पायथ्याच्या खोलीत मी भिंतीवर असते. विशाखा मॅडमनी मला औरंगपुऱ्यातल्या एका माडीवर जोडून तयार केलं. टाकीतली पातळी मोजायची आणि वेळ झाली की व्हॉल्व्ह उघडायचा, हे माझं काम.

त्यासाठी दर वेळी मला एक क्रमांक घ्यावा लागतो. जाणकार त्याला फाईल डिस्क्रिप्टर म्हणतात. असे एक हजार चोवीसच माझ्याजवळ. ते माझ्यासाठी घेणारा माझ्या पोटातला प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. काम झालं की क्रमांक परत.

मग दुष्काळ पडला. वसाहतीत घरं वाढली आणि पाणी सहाव्या दिवशी येऊ लागलं. टाकीतलं पाणी तळाला गेलं की पातळीमापक कोरडा पडून गप्प बसायचा. ड्रायव्हर ‘चूक’ म्हणून मागं फिरायचा, पण घेतलेला क्रमांक परत ठेवायचा राहून जायचा. सहाशे गेले, नऊशे गेले. मला कळत होतं, पण सांगू कुणाला?

शेवटचा क्रमांक संपला, नेमका पाण्याच्या दिवशी. टाकी भरलेली आणि व्हॉल्व्ह काही मला उघडता येईना. व्हॉल्व्हवाल्या कचरूनं बटण दाबून मला बंद-चालू केलं. सगळे क्रमांक मोकळे झाले, मी पुन्हा शहाणी. असं तीनदा झालं. कचरू पाणी अडवतो, असं लोक म्हणू लागले. पाणीपुरवठ्याच्या साहेबांनी त्याला नोटीस दिली.

चौथ्यांदा त्यानं विशाखा मॅडमना फोन लावला.

“काका, या वेळी बटण दाबू नका. दाबलं की चुकीच्या सगळ्या खुणा पुसल्या जातात. मी निघालेच.”

दारात बायका जमल्या. मालनबाई पुढं झाल्या.

“कचरूभाऊ, दाबा की बटन! घरात प्यायला थेंब नाय.”

“अर्धा घंटा थांबा, मालनबाई. लई उपकार होतील.”

“लेकरं थांबत्यात व्हय?”

त्याचा हात माझ्याकडं आला. आता दाबतो की काय, म्हणून माझा जीव टांगणीला. त्यानं हात खिशात घातला आणि मान खाली घालून शिव्या ऐकल्या.

मॅडमनी आल्या आल्या लॅपटॉप जोडला. सगळे क्रमांक अडकलेले, वापरात एकही नाही. ते कुठं अडकले, ते त्यांनी टिपून घेतलं. मग उठून त्यांनी स्वतःच बटण दाबलं. पाणी सुटलं तसं त्यांनी सगळ्यांसमोर साहेबांना फोन केला.

“ड्रायव्हर मी लिहिलाय. चूक माझी आहे. काकांची नोटीस मागं घ्या.”

कचरू खाली बसला आणि रुमालानं तोंड पुसत राहिला.

मॅडमनी ड्रायव्हर बदलला. आता उत्तर आलं, तर काम उरकून क्रमांक परत ठेवला जातो. मध्येच काही फसलं, तर आधी तो जागेवर जातो आणि मगच ड्रायव्हर मागं फिरतो. मापकाची तार उपटून त्यांनी मला दोन हजार वेळा पातळी विचारायला लावलं. एकही क्रमांक हरवला नाही.

तरी मापक गप्प बसला की मी आजही घाबरून उरलेले क्रमांक मोजायला लागते. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनो, उत्तर आलं नाही तर काय, तेही नीट लिहा. तुम्ही विसरता, आणि शिव्या दारात उभ्या असलेल्या माणसाला खाव्या लागतात.