रामीबाईच्या ओढणीतली विमाने

"टाका बारीक घाल, पोरी. दुरून येणाऱ्याले आपलं घर पयले दिसलं पायजे."

मित्रांनो, लालीबाईचा हा आवाज माझ्या कानावर पडला तेव्हा माझ्यावर पहिला आरसा बसत होता. मी एक जुनी आरशांची ओढणी आहे. नेरजवळच्या बंजारा तांड्यात माझा जन्म झाला. लालीबाई सांगत होती आणि तिची लेक रामी मला शिवत होती, स्वतःच्याच लग्नासाठी. लाल कापड, पिवळा दोरा आणि बोराएवढे एकशे चार आरसे.

त्या घराची एक रीत होती. परगावी गेलेला माणूस परतायचा असेल, त्या दिवशी बाईने टेकडीवर उभे राहून उन्हात ओढणी हलवायची. बैलांवर ओझी लादून रानोमाळ फिरणाऱ्या पूर्वजांना म्हणे त्या चमकेवरून आपला तांडा कळायचा. रामीने नवऱ्यासाठी, फुलचंदसाठी, मला हलवले. मग लेकासाठी. बादल बाभुळगावच्या शाळेतून सुट्टीला यायचा. बस वळणावर दिसली की आम्ही दोघी टेकडीवर. लग्नकार्यात बाया माझे आरसे बोटांनी चाचपायच्या, तेव्हा मी लाजून अधिकच चमकायचे.

पुढे फुलचंद वारला. बादल क्रेन चालवायला कतारला गेला आणि मी कडुनिंबाच्या पाल्यासोबत पेटीत गेले. दोन वर्षांनी त्याने आईला फोनवर विचारले, "याडी, करार वाढवू, का घरी येऊ?" रामीबाई म्हणाली, "वाढव. मी मजेत आहो." आणखी दोन वर्षांनी पुन्हा तेच. व्हिडिओवर ओले डोळे दिसतील म्हणून ती साधाच फोन घ्यायची.

तिसऱ्यांदा विचारायची वेळ जवळ आली. त्या थंडीत ती मला घेऊन नागपूरला लेकीकडे, ममताकडे गेली. ममताचे घर विमानतळाला लागून होते. आधी आभाळात एक ठिपका दिसे, मग गुरगुर ऐकू येई आणि एकदम डोक्यावर पांढरे पोट. चाके खाली सोडलेली, पंखांवरची अक्षरे वाचता यावीत इतकी जवळ. गच्चीवरची बादली थरथरायची. माझ्या एकशे चार आरशांत एकशे चार विमाने उतरायची, आणि एकही थांबत नसे.

"माय वो, टाकीवरच बसते का काय हे?" रामीबाई पहिल्या दिवशी खालीच बसली.

"हात वर नको करू, याडी. चाकात बांगड्या अटकतीन," ममता हसली. मग आईचा चेहरा पाहून म्हणाली, "यातलं एखादं कतारकडूनबी येत असंन."

तेवढ्यावर रामीबाईने हिशेब बांधला. आपल्याला चाके दिसतात, तर आतल्याला आपण का दिसू नये? रोज दुपारी ती मला गच्चीवर नेऊन दोन्ही हातांनी हलवू लागली. माझा जीव सुपाएवढा झाला. किती वर्षांनी ऊन लागत होते.

आठव्या दिवशी विमानतळाचा एक गार्ड जिना चढून आला.

"आजी, हे आरसे नका चमकवू. पायलटच्या डोयावर येते."

"बरं. पण वरून माणूस ओळखू येते काय, भाऊ?"

"इथून मी दोनदा विमानानं गेलतो आजी. घरं दिसतात, आगपेटीसारखी. माणूस डोक्यावर उभं असलं तरी ओळखू येत नाही. क्षणात निघून जाते."

रामीबाईने माझी घडी घातली. संध्याकाळी ममताने मला प्रेमाने मशीनमध्ये धुतले आणि माझे तीन आरसे गेले. मित्रांनो, आमच्यासारख्यांना हाताने, थंड पाण्यात धुवा, सावलीत वाळवा. आणि पेटीत वर्षानुवर्षे कोंडू नका. कापडही आतल्या आत विरत जाते, ते कुणाला दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही बसने तांड्यावर परतलो. रामीबाई ओसरीत बसून माझ्या रिकाम्या जागा शिवत होती, तेवढ्यात फोन वाजला.

"याडी, उद्या सही कराची आहे. वाढवू ना?"

सुई माझ्यातच राहिली.

"याडी? आहेस ना?"

"आहो," ती म्हणाली. "सही नको करू, बादल. मी मजेत नाही. पयल्या फोनच्या वक्तीबी नव्हती. घरी ये."