पहिल्या नंबरचा धवला

मित्रांनो, कबुतरं येऊ नयेत म्हणून खिडकीच्या गजाला दोरीने एक चकचकीत गोल चकती बांधलेली तुम्ही पाहिली असेल. शिरवणे गावातल्या एका घराच्या खिडकीत अशी बांधलेली जुनी सीडी म्हणजे मी. कबुतरं मला घाबरत नाहीत. माझ्याच शेजारी बसून ती घाण करतात. हसा, खुशाल हसा. पण तुमचे आईवडील कॉलेजात होते तेव्हा मी देशात पहिल्या नंबरवर होते, हे आधी ऐकून घ्या.

माझा जन्म दोन हजार दोन सालचा. माझ्यावर एकच गाणं आहे आणि त्याचीच चार रूपं. साधं, क्लबातलं, ढोलावरचं आणि शेवटी नुसतं वाजप. त्या काळी पहिल्या नंबरावर जाणाऱ्या गाण्यांची एक ठरलेली रीत होती. कुठलं तरी जुनं गाणं उचलायचं, त्याच्याखाली धडधड घालायची, मध्येच कुणीतरी इंग्रजीत बडबडायचं आणि टीव्हीवर दाखवताना पोहण्याच्या तलावाकाठी मुली नाचवायच्या. ज्याचं जुनं गाणं उचललं त्याला कुणी विचारत नसे. माझ्या वेळी मात्र विचारलं होतं, आणि तिथेच सगळा घोळ झाला.

या घराची मालकीण गोजरा. ती धवलारीण. आगरी लोकांच्या लग्नात धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, गाऊन विधी पार पाडणारी बाई म्हणजे धवलारीण. पूर्वी ती आल्याशिवाय या गावांत हळद लागत नसे. गोजराचा आवाज असा होता की मांडवातली पोरंटोरं खेळ सोडून गप्प बसायची. वाशीच्या सेक्टरमध्ये राहणारा अभय नावाचा संगीत जुळवणारा तरुण मित्राच्या हळदीला आला, त्याने तो आवाज ऐकला आणि चार दिवसांनी यंत्रं घेऊन तो गोजराच्या दारात उभा राहिला.

गोजरा तयार झाली, पण तिची एक अट होती. धवल्यात नवरीचं नाव यावंच लागतं. नावाशिवाय धवला गायचा नाही, ही तिच्या सासूने घालून दिलेली शिस्त. अभय म्हणाला, "मावशी, टेन्शन नका घेऊ, कुठलंही नाव घ्या."

"असा कसा कुटला पन?" गोजरा म्हणाली. "नवरीचा नाव नसल तं धवला लागंल कोनाला?"

तिची मुलगी शर्मिला तेव्हा एकोणीस वर्षांची होती. साखरपुडा झालेला, मुलगा जवळच्याच करावे गावचा, लग्न दिवाळीनंतर. ती आईशेजारी बसून सुपातले तांदूळ निवडत होती. गोजराने तिच्याकडे पाहिलं आणि विचार केला, आपल्या पोरीचा धवला कायमचा जपून राहत असेल तर याहून चांगलं काय? तिने डोळे मिटले आणि शर्मिलाचं नाव घेऊन धवला म्हटला. शर्मिला लाजून आत पळाली. मानधन म्हणून गोजराला एक साडी मिळाली आणि पुढे मी मिळाले.

मित्रांनो, मी काय वाजले म्हणून सांगू! रविवारच्या टीव्हीवरच्या क्रमवारीत मी कितीतरी आठवडे पहिली होते. गणपतीत वाजले, दांडियात वाजले, रिक्षांत वाजले, बारमध्ये तर फारच वाजले. माझ्या वेष्टनावर एका गोऱ्या मुलीचं चित्र होतं. अंगावर हळद फासलेली आणि कपडे बेताचे. टीव्हीवर तीच मुलगी नाचायची आणि गोजराचा आवाज 'शर्मिला नवरी, शर्मिला नवरी' म्हणत राहायचा. गोजराने टीव्हीवर ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती उठून चुलीपाशी जाऊन बसली. भात करपेपर्यंत तिला भान नव्हतं.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. शिरवण्यात शर्मिला एकच. ती पाण्याला निघाली की पोरं शिट्ट्या मारायची आणि 'शर्मिला नवरी' ओरडायची. कॉलेजच्या बसमध्ये ओरडायची. बारमधल्या मुलींना गिऱ्हाइकं त्याच नावाने हाका मारतात, ही बातमी कराव्याच्या व्याह्यांपर्यंत पोचायला काय वेळ! होणारा सासरा चार माणसं घेऊन आला. तो ओरडला नाही. चहा प्यायला आणि कप खाली ठेवताना म्हणाला, "जिच्या नावावर सगल्या दुनियेची पोरा नाचतात, तिला घरान आनून मी काय करू?" साखरपुड्याची साडी तो परत घेऊन गेला. त्या आठवड्यात मी पुन्हा पहिली आले. खोटं कशाला बोलू, मला फार आनंद झाला होता.

शर्मिलाची आणखी स्थळं पाहिली. दोन ठिकाणी बोलणी पुढेही गेली. पण दोन्हीकडे हळदीच्या गाण्यांची गोष्ट निघाली, कुणीतरी हसलं आणि बोलणी थांबली. लोकांना मुलीत खोट काढता येईना, म्हणून त्यांनी ती आईच्या जिभेत काढली. मांडव नाही, नवरा नाही, आणि बाईने स्वतःच्या पोरीचं नाव धवल्यात घेतलं! गोजराच्या तोंडून नाव निघालं की लग्न मोडतं, असं आधी बायका नळावर बोलल्या, मग पुरुष पारावर बोलले, आणि मग ते सगळ्यांना पूर्वीपासून ठाऊकच होतं.

गोजराला बोलावणी यायची थांबली. हळदी मात्र थांबल्या नाहीत. तिच्या जागी लोक मला नेऊ लागले. मी कशी चांगली! मला पान-सुपारी लागत नाही, मी मानपानासाठी रुसत नाही आणि दहा गावांत एकाच वेळी वाजू शकते. गोजरा ओट्यावर बसून ऐकायची. पलीकडच्या आळीत हळद लागते आहे, धवला तिच्याच आवाजात चालला आहे, आणि तिला तिथे जायची मनाई आहे. एकदा शर्मिला चिडून ते बंद करायला निघाली. गोजराने तिचा हात धरला. ती म्हणाली की नाव दुसरीचं असलं तरी निदान मांडवात धवला तरी होतोय, राहू दे.

माझेही दिवस फिरले. गाणी फोनमध्ये गेली. माझ्या बरोबरीच्या पहिल्या नंबरवाल्या सीड्या कुणी चहाच्या कपाखाली ठेवल्या, कुणी शाळेच्या प्रदर्शनासाठी कापून मासे केले. मला शर्मिलानेच खिडकीत टांगलं. फोडून टाकलं नाही याचं मला अजून नवल वाटतं. ती आता सीबीडी बेलापूरला सरकारी कचेऱ्यांसमोरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात काम करते. तिथे तिला सगळे मॅडम म्हणतात आणि तिने कुणाला स्वतःचं नाव सांगितलेलं नाही.

आता यंदाच्या वैशाखातली गोष्ट ऐका. गोजराच्या मुलाचं नाव बंडू, शर्मिलाचा मोठा भाऊ. तो एपीएमसी मार्केटातून भाजीचा टेम्पो चालवतो. त्याची मुलगी ऋता, कंपनीत कामाला, हुशार आणि हौशी. तिचं लग्न ठरलं आणि तिने हळदीची थीम जाहीर केली, 'दोन हजार दोन'. त्या काळचे कपडे, त्या काळचे गॉगल आणि त्या काळची पहिल्या नंबरची गाणी. आपल्या घरातच एक पहिला नंबर आहे, हे तिच्या मैत्रिणींना कळल्यावर तर विचारूच नका. माझी दोरी कापली, मला साबणाने धुतलं आणि इतर जुन्या सीड्यांबरोबर घरापुढच्या मांडवाच्या तोरणात ओवलं. वीस वर्षांनी मी पुन्हा लग्नाच्या मांडवात आले. वाजण्यासाठी नव्हे, शोभेसाठी. लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नव्हती.

हळदीच्या आधी गोजरा बंडूला म्हणाली की नातीचा धवला तिला स्वतःला म्हणायचा आहे. बाकी काही मागत नाही. वय झालं, पुढचं लग्न बघायला ती असेल की नसेल. नातीचं नाव घेऊन एकदा म्हणू दे, म्हणजे लोकांनाही कळेल की तिच्या जिभेत काही नाही.

बंडूने हात जोडले. वाईट माणूस नाही तो. आईची औषधं वेळेवर आणतो. तो म्हणाला, "आये, मला पटतं गो. पन माझी एकच पोर हाय. तुझ्या तोंडून तिचा नाव नको."

शर्मिला तिथेच उभी होती. ती मोठमोठ्याने भांडी घासू लागली.

संध्याकाळी मांडव भरला. गोजराला मधोमध खुर्चीवर बसवलं आणि तिच्या छातीवर आडवा पट्टा घातला. त्यावर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, 'नंबर वन आजी'. सगळ्यांनी तिच्याबरोबर फोटो काढले. गा म्हणून कुणी म्हणालं नाही. मग डीजेवाल्याने माझं गाणं लावलं. तीच धडधड, तोच गोजराचा तरणा आवाज. मात्र नावाच्या जागी शर्मिला आलीच नाही. आवाज स्वच्छ म्हणाला, 'ऋता नवरी, ऋता नवरी'.

मांडव उसळला. डीजेवाल्याने फोनवरच्या कसल्याशा युक्तीने गोजराचा जुना आवाज घेऊन त्यात नवं नाव भरलं होतं. लोकांना त्याचं कोण कौतुक! ज्या तोंडून नाव निघायला नको म्हणून बंडूने हात जोडले होते, त्याच तोंडचं नाव भिंतीएवढ्या स्पीकरवरून येत होतं, आणि बंडूही नाचत होता. यंत्राने घेतलेलं नाव कुणाला बाधत नाही. गोजराने शर्मिलाचा हात घट्ट धरला आणि ती म्हणाली, "यो मी नाय बोललो." शर्मिला स्पीकरकडे बघत होती. ज्या नावापायी तिचा संसार झाला नाही, ते नाव आता गाण्यातूनही काढून टाकलेलं होतं. लोकांना ते आठवतसुद्धा नव्हतं.

सकाळी हॉलवर जायला गाड्या आल्या. ऋता हळदीच्या हातांनी ओट्यावर बसलेल्या आजीच्या पाया पडायला वाकली आणि तिथेच बसली. रात्री तिला झोप लागली नव्हती. ती म्हणाली की स्पीकरवर तिचं नाव दर वेळी अगदी सारखंच येत होतं, आणि ऐकता ऐकता तिला भीती वाटायला लागली. "आजी, ते राहू दे. तू म्हण. माझ्या नावाने एकदा म्हण."

दारात बंडू उभा होता. गोजराने त्याच्याकडे पाहिलं. त्याने या वेळी मान हलवून होकार दिला. वीस वर्षं ती ज्याची वाट बघत होती ते अखेर तिच्या पुढ्यात येऊन बसलं होतं.

तिने नातीच्या डोक्यावर हात ठेवला आणि धवला सुरू केला. आवाज फाटलेला होता, थरथरत होता. पण मित्रांनो, मी शपथेवर सांगते, माझ्यावर जो आहे तो त्यापुढे काहीच नाही. शर्मिलाने भिंतीला डोकं टेकलं. ऋता रडायला लागली. धवला चढत चढत नावाच्या जागेपाशी आला, आणि गोजरा थांबली.

तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा तिथेच थांबली. तोंड उघडं होतं, ओठ हलत होते, नाव येत नव्हतं. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

शर्मिला पुढे आली. "आये, बोल ना गो. माझा काय व्हायचा ता होऊन गेला."

"तुझ्या टायमाला मला भ्या वाटला नवता, आन काय झाला?" गोजरा म्हणाली. तिने ताटातल्या अक्षता उचलल्या, ऋताच्या डोक्यावर टाकल्या आणि तोंडाला पदर लावला. ऋता मग डोळे पुसून गाडीत जाऊन बसली.

लग्न झालं. अगदी नीट झालं, पावसाचा थेंब नाही की मानपानाची कुरबूर नाही. ऋता सासरी सुखात आहे. मांडव उतरला आणि मला पुन्हा खिडकीच्या गजाला बांधलं. आणि आता गाव म्हणतं, बघा, म्हातारीने नाव घेतलं नाही म्हणून पोरीचं निभावलं. वीस वर्षं लोक म्हणत होते त्याला पुरावा नव्हता, तो गोजराने स्वतःच दिला. हल्ली ती घरात कुणालाही नावाने हाक मारत नाही. बंडूला 'अरे' म्हणते. शर्मिलाला तर काहीच म्हणत नाही, नुसती भिंतीवर टकटक करते.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंनी शेवटी तुमच्याकडे काहीतरी मागायचं असतं. मला पुसा, मला जपा, असं मी मागणार नाही. मी प्लास्टिकची आहे, तुम्ही सगळे गेल्यावरही मी असेन. पण शिरवण्याला आलात तर गोजराच्या ओट्यावर जरा बसा. तिला तुमचं नाव सांगा आणि म्हणा, आजी, एकदा मला मोठ्याने हाक मारा. तुम्हाला काही होणार नाही. तुमच्यापैकी ज्यांच्या ताईचं किंवा दादाचं लग्न ठरलं असेल, त्यांनी ताई-दादाला बरोबर घेऊन लग्नाआधीच जावं.