दुसरा कौल

पिशवी एवढीशीच. तळहातावर मावेल अशी, जुन्या खणाच्या तुकड्याची, खाली गोलसर आणि वर निमुळती... ओसरीच्या दोरीवर धाकलूच्या बंडीशेजारी उलटी करून वाळत घातलेली, आणि खाली सुपात तिच्यातली नाचणी ऊन खात पडलेली. धाकलू तंबाखू मळत तिच्याकडे बघत होता, मग बघत नाही असं दाखवत होता, आणि पुन्हा बघत होता. अधूनमधून तुळजा ती पिशवी उसवायची, धुवायची, पुन्हा भरून टाके घालायची आणि झंपरात उजव्या बाजूला, जिथे आता काही नव्हतं तिथे, ठेवून द्यायची. आधी तिने सावरीचा कापूस भरून पाहिला होता, पण तो इतका हलका की लावणीला वाकली की पिशवी सरकत सरकत गळ्याशी यायची. 'निघालं बगा माझं बाजाराला,' म्हणत ती चारचौघींत ती खाली ढकलायची, आणि बाकीच्या बायांना हसावं की रडावं ते कळायचं नाही. मग तांदूळ भरले, त्यांना किडे झाले. नाचणीला कीड लागत नाही आणि वजनही बेताचं भरतं, हा शोध तिचा तिनेच लावला.

ही पिशवीची गोष्ट तेवढी धाकलू कुणाला सांगत नसे. बाकी तिचं कौतुक करायला त्याला निमित्त लागत नसे. जोयड्याच्या बाजारात, बसच्या बाकावर, चहाच्या दुकानात... 'आमची तुळजा म्हंजे शिसवीचा खांब हाय,' हे त्याचं ठरलेलं वाक्य. धाकलू बायकोची आरती करतो असं गाव हसायचं. करतो तर करतो. ज्याच्या बायकोने परवाच्या सुगीत, ताटात भात वाढता वाढता, 'माझ्या थानात गाठ हाय, दुखत न्हाई, म्हणून वाईट वाटतंय' असं सांगून वर 'आमटी देऊ?' विचारलं, त्याने आरती करायची नाही तर कुणी करायची?

आणि नंतरचं... बेळगावचं ऑपरेशन, विजेचा शेक, काळवंडलेली कातडी. हात खांद्याच्या वर जाईना, तेव्हा दवाखान्यात सांगितलं होतं की भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा. तुळजाने बोटं कावेच्या मातीत बुडवली. म्हणजे काल कुठवर पोचलो ते दिसतं, म्हणाली. मागच्या पडवीच्या भिंतीवर त्या तांबड्या बोटांची रांग कंबरेपासून निघाली आणि पावसाळा सरता सरता वाशाला टेकली. दिवाळीच्या आधी तिने भिंत सारवली तेव्हा धाकलूला चुटपुट लागून राहिली. राहू द्यायला हवं होतं, असं त्याला वाटलं. तिला म्हणाला नाही.

सगळं मार्गी लागलं होतं. रोजची एक पांढरी गोळी, तेवढंच औषध उरलं होतं. आणि मग पाळी पुढे-मागे व्हायला लागली, ओटीपोट जड झालं, आणि मागच्या आठवड्यात बेळगावला तिच्या पोटावर गार मलम लावून यंत्र फिरवलं, तर दोन्ही अंडाशयांत गाठी. धाकलूने गाठ हा शब्द ऐकला आणि त्याच्या कानांत दडे बसले. डॉक्टरीणबाई सांगत होत्या, शांतपणे आणि त्याच्याकडे बघून, कारण टेबलापुढच्या खुर्चीत तोच बसला होता. ह्या गाठी बहुतेक त्या गोळीनेच आल्या असतील, पाण्याच्या दिसताहेत, तीन महिने थांबून पुन्हा बघू. नाहीतर दोन्ही अंडाशयं काढून टाकू, मागच्या दुखण्यालाही ते बरंच आहे... पण पाळी कायमची जाईल, अंगातून वाफा निघतील, हाडं दुखतील, आणि पुन्हा ऑपरेशन आलं. दोन्ही वाटा बरोबर आहेत, ठरवून या. धाकलू मान हलवत राहिला. तुळजा मागे भिंतीलगत बाकावर बसली होती, पदर नीट करत.

उद्या जायचं होतं. ठरवून.

धाकलूचं ठरलं होतं. काढायचं. पाण्याच्या दिसताहेत म्हणजे काय? दिसणं आणि असणं एक का? रामनगरला तुळजाचा भाऊ नारायण दुकान चालवायचा, सुपाच्या धरणात त्यांचं घर गेल्यापासून सगळं माहेर तिकडेच होतं. येताना तिथे उतरले तेव्हा तोही हेच म्हणाला, 'पोरं झाली, लग्नं झाली त्यांची, आता त्याचं काय काम? काढून टाका, भावोजी.' तुळजा आतून चहा घेऊन आली आणि म्हणाली, 'काम नसलेलं काढायचं तर आदी ह्यांचं तंबाखूचं डबडं काढूया, दादा.' सगळे हसले. काय बाई आहे, धाकलूला पुन्हा वाटलं. इथे आपल्या मनात भीतीचा डोंब आणि ही चहा ओतता ओतता थट्टा करते. पण तिचं काय मत, ते त्या हसण्यात राहूनच गेलं.

'येताय न्हवं?' तुळजाने हाक मारली. तो उठला.

घरामागच्या वाफ्यात कोनफळाचे वेल वाळून पिवळे पडले होते. पाऊसभर जमिनीखाली वाढलेले ते मांडीएवढे जाड कंद आता काढायचे होते. धाकलू पहार घालून माती उचलायचा आणि तुळजा डाव्या हातातल्या खुरप्याने कडेची माती मोकळी करायची. उजव्या हाताने जड उचलायचं नाही, अशी ताकीद होती. डाव्या हाताची सवयही तिने गेल्या वर्षात लावून घेतली होती, आणि कंदाची साल कुठे खरचटत नव्हती.

मधेच शेजारची देवकी बियाण्याचे तुकडे मागायला आली. तुकडे घेतले, तरी उभीच. तुळजाने तिच्या तोंडाकडे बघितलं, खुरपं खाली ठेवलं आणि दोघी गवताच्या गंजीमागे गेल्या. हे आता धाकलूच्या सवयीचं झालं होतं. बाया यायच्या, काहीतरी मागायला आल्याचं सोंग करून, आणि तुळजा गंजीमागे नाहीतर न्हाणीत नेऊन आपल्या बोटांनी त्यांना चाचपून बघायची. एकीला तिने हाताला धरून बेळगावला नेलं होतं. देवकी परत आली ती मोकळ्या चेहऱ्याने. 'काय न्हाई,' तुळजा तिला सांगत होती, 'पाळीच्या आदी तसं लागतं हाताला. पाळी सरली की परत ये.' त्या बोटांकडे धाकलू बघत राहिला. मातीने भरलेली, नखं तुटलेली बोटं. हिला काय कमी आहे, आपण उगाच घाबरतो...

आपण घाबरलो म्हणूनच सोमवारी देवळात गेलो होतो. देवाला कौल लावला. ओल्या पाकळ्या देवाच्या दोन्ही खांद्यांना चिकटवल्या, वासू गुरवाने गाऱ्हाणं घातलं, काढून टाकावं असं असेल तर उजवी दे. पाकळी पडली ती डावी. वारा आला असंल, मी म्हणालो. गाभाऱ्यात कुठला वारा, वासू म्हणाला. मग माझं विचारणंच चुकलं असेल, मी म्हणालो, आणि दुसऱ्यांदा विचारायला लावलं. काढल्यावर तिला बरं पडेल ना? बऱ्याच वेळाने उजवी पडली. देवही कंटाळला असेल. घरी आलो आणि काही बोललो नाही. बोलणार होतो, उद्या, बसमध्ये, देवानंच सांगितलंय म्हणून...

माणसाचं नशीब असं, की ज्याचा विचार करावा तो दारात उभा. वासू गुरव नैवेद्याला कंद न्यायला टोपली घेऊन बांधावर आला. कंद निवडून घेतले, पान खाल्लं, आणि जाता जाता सरळ मनाने म्हणाला,

'मग धाकलू, उद्या बेळगाव न्हवं? कुटला कौल धरणार, डावा का उजवा?'

धाकलूने पहार मातीत रोवली आणि तिथेच धरून ठेवली. वासू चढ उतरून दिसेनासा झाला, तरी तुळजाचं खुरपं चालूच होतं.

'माझ्या पोटाचा कौल लावलासा व्हय?' तिने वर न बघता विचारलं.

'तुज्या भल्यासाटीच.'

'काय पडला?'

'उजवा.'

'वासू तर दोन म्हनला.'

धाकलूने घसा खाकरला. 'पैला डावा पडला हुता.'

तुळजा हसली. मनापासून, खुरपं मांडीवर ठेवून हसली. 'देवालाबी सोडला न्हाईसा तुमी,' म्हणाली. धाकलूलाही हसू फुटलं, सुटलो एकदाचे असं वाटलं, आणि त्याने पहार पुन्हा उचलली. तेवढ्यात ती, आमटीत मीठ कमी आहे म्हणावं तसल्या आवाजात, म्हणाली,

'देवाला दोनदा इचारलासा. दादाला इचारलासा. डागतरीणबाई तुमालाच सांगत हुत्या, तुमी मान हलवत हुतासा. मला कुनी इचारलं न्हाई.'

'तुला काय इचारायचं?' तो चटकन बोलून गेला. 'तू घट्ट हाईस.'

'व्हय,' ती म्हणाली. 'तेच.'

आणि पुन्हा माती उकरू लागली.

तेच म्हणजे काय, हे धाकलूला लगेच कळलं नाही, आणि कळायला लागलं तेव्हा आवडलं नाही. तो वाफ्याच्या कडेला बसला. शिसवीचा खांब... किती वेळा म्हणालो आपण, आणि किती अभिमानाने. खांबाला कोण विचारतं? घराचा सगळा भार त्याच्यावर टाकून माणूस बिनघोर झोपतो. तिने ताटात भात वाढत गाठीचं सांगितलं तेव्हा मी आमटी दे म्हणालो होतो. खरंच, दे म्हणालो होतो! भिंतीवर ती बोटं चालवत होती तेव्हा मी मागे बसून बघत होतो, दुखतं का म्हणून एकदाही विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर ती व्हय म्हणाली असती. माहेर पाण्यात गेलं तेव्हा गावची माणसं रडली, ही रडली नाही, त्याचंही मी बाजारात कौतुकच केलं. कौतुक खोटं नव्हतं. अजून नाही. पण त्याच्याआड आपण किती वर्षं लपून बसलो होतो, आणि तिला हे कधीपासून ठाऊक होतं, कुणास ठाऊक.

ऊन कलतीला लागलं होतं. एका कंदाभोवतीची माती तिने सगळी मोकळी केली होती आणि तो उचलायला ती त्याची वाट बघत होती. तो उठला नाही.

'मग... तुला काय वाटतंय?' त्याने विचारलं. आवाज त्याला स्वतःचा वाटला नाही.

तिने खुरपं मातीत खोचलं. मग हात झाडून त्याच्याजवळ येऊन बसली, थोडं अंतर ठेवून, परक्या जागी बसावं तशी.

'भ्या वाटतंय,' ती म्हणाली.

त्याने मान वर केली.

'काढलं तरी वाटतंय, ठेवलं तरी वाटतंय. ती थानातली गाठ बोटाला लागत तरी हुती. हाय म्हनून कळत हुतं. देवकीचं कळतं, सगळ्या बायांचं कळतं. ह्या माझ्याच पोटातल्या...' तिने मातकट हात पोटावर ठेवला, '...कितीबी दाबून बगितलं तरी कायबी लागत न्हाई. तुमी घोरताय, आनि मी बगत पडलेली असते.'

काळजी करू नको, हे शब्द धाकलूच्या जिभेवर आले. देव हाय, हेही आले. त्याने ते गिळले. तंबाखूसारखे कडू लागले. तिच्या हातावर हात ठेवावा असं वाटलं, आणि इतक्या वर्षांच्या संसारात दिवसाउजेडी असं कधी केलं नव्हतं म्हणून तो अवघडला, आणि मग ठेवलाच. ती घाबरलेली बाई होती. चेहरा उतरलेला, कानशिलाजवळ पांढरे केस. हिला तो ओळखत नव्हता. आणि हीच गंजीमागे बायांना धीर देऊन आली होती, हीच मघाशी खळखळून हसली होती, एवढं सगळं पोटात धरून. शिसवीला असलं काही करावं लागत नाही. त्याच्या छातीत काहीतरी मोठं भरून आलं. त्याला कौतुक म्हणावं, तर बाजारात सांगण्यासारखं ते राहिलं नव्हतं.

'उद्या तुमी बाकावर बसा,' ती थोड्या वेळाने म्हणाली. 'खुर्चीत मी बसते.'

'बस.'

'मला अजून कळलं न्हाई बगा, काय सांगायचं ते.'

'न्हाई कळलं तर तसं सांग बाईस्नी.'

तिने त्याच्याकडे बघितलं. मग पदराने तोंड पुसलं, मातीचा एक पट्टा गालावर उमटला, आणि ती समोरच्या जंगलाकडे बघत म्हणाली,

'परत इचारा.'

'काय?'

'तेच. मगाशी इचारलासा ते.'

देवाला दोनदा विचारताना धाकलूला काय पडायला हवं ते पक्कं ठाऊक होतं. पाकळीवर त्याची नजर दोरीसारखी ताणलेली होती. आता त्याने पहार बाजूला सारली, तिच्याकडे नीट वळून बसला आणि विचारलं, 'तुला काय वाटतंय, तुळजा?' ती विचार करू लागली. तो वाट बघत राहिला, आणि तिचं उत्तर कोणत्या अंगाला पडावं ह्याबद्दल त्याच्या मनात काहीच नव्हतं.